धागा : उसावर मारलेलं तणनाशक आमच्या द्राक्षावर कसं आलं? हवेच्या थरांबद्दल जाणकारांनी सांगा

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचून घ्या. आमची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी झालेली, फुटी एकदम जोरात निघाल्या होत्या. शेजारी ऊस, पण अगदी लागून नाही, मधे ओढा आणि एकाची हरभऱ्याची पट्टी आहे. डिसेंबरात त्यांनी पहाटे उसात तणनाशक मारलं. वारं अजिबात नव्हतं, पान हलत नव्हतं, आणि वारं नसताना मारलं की उडत नाही असंच आपण सगळे धरून चालतो ना. आठवड्याभरात आमच्या ओढ्याकडच्या ओळींची शेंड्याची पानं बिघडली, शिरा जवळ जवळ आल्या, कडा दातेरी, बाळ्या वाकड्या, वाढ थांबली. बघायला आलेले सल्लागार म्हणाले, "त्या पहाटे इन्व्हर्जन होतं, हवेचा थर उलटा होता." आता मुलीच्या पुस्तकात तपांबर, स्थितांबर, मध्यांबर असे थर आहेत आणि तिथं लिहिलंय की वर जाईल तसं तापमान कमी होतं. मग उलटा थर म्हणजे काय? पुस्तकातले थर आणि माझ्या बागेवरचा थर एकच का वेगळे? नुकसान तर झालंय, निदान कारण तरी नीट कळू दे.

मिरजकर
दादा लक्षणं वाचून टू-फोर-डी हे तणनाशक वाटतंय. द्राक्ष त्याला फार नाजूक आहे, अगदी थोडा अंश आला तरी पान वाकडं होतं. त्यात त्याचा इथाईल एस्टर प्रकार मारला असेल तर मारल्यानंतरही त्याची वाफ उडते, अमाईन सॉल्ट प्रकाराची तेवढी उडत नाही. कुठलं मारलं ते विचारा. थरांचं मास्तर सांगतील.

मास्तर_सातारा
बागायतदार, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण तुमच्या मुलीच्या पुस्तकातले थर आणि तुमच्या बागेवरचा थर यांच्यामागं कारण एकच आहे, फक्त उंची वेगळी. मी जन्मभर हे शिकवलंय त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी बागेचं. डिसेंबरात रात्री आभाळ निरभ्र असतं, वारं नसतं. जमीन दिवसभराची ऊब वर सोडत राहते आणि गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार पडते. त्याच्या थोडं वर, कधी 50 मीटर कधी 200 मीटर, तिथली हवा मात्र अजून उबदार असते. म्हणजे गार आणि जड हवा खाली, उबदार आणि हलकी हवा वर. अशी मांडणी झाली की हवा वर-खाली होतच नाही, कारण खालची जड हवा वर चढणार कशी, आणि थोडी चढलीच तर आजूबाजूपेक्षा जड असल्यामुळे परत खाली येते. डोक्यावर झाकण बसलं म्हणायचं. आता फवारणीतला बारीक थेंब घ्या. 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब 3 मीटरवरनं साधारण 10 सेकंदात खाली पडतो, 20 मायक्रॉनचा असेल तर त्याला 4 मिनिटं लागतात. दुपारी असे बारीक थेंब वर उडून विरळ होऊन जातात. पहाटे ते झाकणाखालीच तरंगत राहतात आणि गार हवा उताराकडं सरकते तसे तिच्याबरोबर सरकतात. तुमचा ओढा म्हणजे उताराचीच वाट. शांत हवेत औषध जागेवर पडतं हा समज आहे, आणि त्यानंच तुमचा घात केलाय.

ओळखायचं कसं? पहाटे कुणाच्या तरी चुलीचा नाहीतर गुऱ्हाळाचा धूर बघा. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरायला लागला आणि तसाच पट्टा धरून राहिला तर झाकण आहे. दव भरपूर पडलेलं असतं. आणि आवाज! अशा पहाटे लांबचा आवाज स्वच्छ येतो कारण वरच्या उबदार हवेतनं तो परत खाली वाकतो.

मिरजकर
हे आवाजाचं शंभर टक्के खरं आहे. थंडीत पहाटे मिरज जंक्शनची शिट्टी आमच्या मळ्यात अशी येते की गाडी बांधावरनं चाललीय, दुपारी तीच गाडी ऐकू येत नाही. कारण आज कळलं.

बागायतदार_तासगाव
मास्तर डोळे उघडले. धुराचा पट्टा तर रोज बघतो आम्ही, पाचट पेटवल्यावर सकाळी दहापर्यंत गावावर धूर बसलेला असतो. मग मारायचं कधी?

मास्तर_सातारा
ऊन पडून दोनेक तास होऊ द्या, जमीन तापली की झाकण सुटतं, धूर मोकळा वर जायला लागतो. हलकं वारं असू दे, झाडाची पानं नुसती हलतील एवढं, आणि त्याची दिशा द्राक्षापासनं लांब जाणारी असू दे. तणनाशकाला बारीक धुकं करणारं नोझल नको, फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट लावा, प्रेशर कमी ठेवा. आता पहाटे ड्रोननं फवारणी करणारी पोरं आलीत, वारं नसतं म्हणून पहाटे येतात, त्यांनाही हे सांगायला पाहिजे.

आता पुस्तकातले थर. हे थर आडवे कुणी आखलेले नाहीत. तापमान कुठं उतरतं आणि कुठं चढतं, तिथं तिथं माणसानं रेघ मारली, एवढंच. जमिनीपासनं वर निघा : दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश गार होत जातं. साताऱ्यातनं कासला चढलो तरी अंगाला कळतं. असं गार होत होत आपल्याकडं 16-17 किलोमीटरवर उणे 75-80 अंश होतं. हे तपांबर. ध्रुवाकडं याची उंची निम्मीच, 8-9 किलोमीटर. हवेच्या एकूण वजनातलं जवळपास 80 टक्के वजन या एका थरात आहे आणि पाण्याची वाफ तर जवळजवळ सगळीच. मग अचानक तापमान उतरायचं थांबतं आणि वर चढायला लागतं, 50 किलोमीटरपर्यंत चढतं, हे स्थितांबर. म्हणजे गार खाली, उबदार वर. तुमच्या बागेवरचीच मांडणी, फक्त हे झाकण अख्ख्या पृथ्वीवर बसलेलं आहे आणि सकाळी दहाला सुटत नाही. पुढं 85 किलोमीटरपर्यंत परत उतरतं, मध्यांबर, तिथं उणे 90 च्या आसपास. आणि त्यावर परत चढतं, उष्मांबर.

कृष्णाकाठ
पण मास्तर वर तापतं कशानं? सूर्याच्या जवळ म्हणून का?

मास्तर_सातारा
नाही नाही, सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, त्यात 50 किलोमीटरनं काय फरक पडणार. तिथं ओझोन आहे, तो सूर्याची अतिनील किरणं खातो आणि त्यात तापतो. खाली आपली हवा जमिनीकडनं तापते आणि स्थितांबर सरळ उन्हाकडनं तापतं, म्हणून दिशा उलटी. आणि ओझोन किती आहे माहितीय का? डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणला तर जेमतेम 3 मिलिमीटरचा थर होईल. एवढ्याशा वायूवर आपली कातडी, डोळे, पिकं सगळं टिकून आहे. मुलांना हा आकडा सांगितला की वर्ग गप्प व्हायचा.

स्थितांबर सापडलं कसं तेही सांगतो, फार मोलाची गोष्ट आहे. फ्रान्सचा हवामानशास्त्रज्ञ तेसरांक द बोर पॅरिसजवळच्या ट्रॅप गावातनं फुग्याला तापमापक बांधून सोडायचा. 11 किलोमीटरच्या वर आकडा उतरायचा थांबतो असं त्याला दिसलं. त्याला वाटलं यंत्र उन्हानं तापत असेल, म्हणून त्यानं रात्री फुगे सोडले, तरी तेच. 200 च्या वर फुगे सोडून खात्री केली आणि 1902 साली जाहीर केलं. त्याच वर्षी जर्मनीत आसमान नावाच्या शास्त्रज्ञानंही तेच दाखवलं. आणि आपल्याकडचं नाव यात आवर्जून घ्यायला पाहिजे, के. आर. रामनाथन. भारतीय हवामान खात्यात काम करताना त्यांनी 1929 साली दाखवून दिलं की पृथ्वीवरची या उंचीची सगळ्यात गार हवा ध्रुवावर नसून विषुववृत्ताच्या पट्ट्यावर आहे. म्हणजे आपल्या डोक्यावर! चाळीस अंशाच्या उन्हात आटपाडीच्या रानात उभा असलेला माणूस आणि त्याच्या बरोबर वर 17 किलोमीटरला उणे 80.

या गारठ्याचं काम मोठं आहे. वर जाणारी वाफ तिथं गोठून जाते, पुढं फारशी सुटत नाही. स्थितांबरात पाण्याची वाफ दहा लाख भागात 4-5 भाग एवढीच. वाफ मोकळी वर गेली असती तर अतिनील किरणांनी तिचे तुकडे झाले असते, हायड्रोजन अवकाशात निघून गेला असता आणि पृथ्वीचं पाणी हळूहळू संपलं असतं. कृष्णा-वारणेचं पाणी या झाकणाच्या जोरावर आहे असं म्हटलं तरी चूक नाही.

बेदाणा_कवठेमहांकाळ
गारपिटीबद्दल पण सांगा की. मार्चमध्ये माल तयार असतो आणि दुपारी पूर्वेकडनं काळं उठतं, अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं. आमच्या भागात काही जणांनी आवाजाच्या तोफा बसवायचं काढलंय, गार फुटते म्हणतात.

मास्तर_सातारा
वळवाचा ढग दुपारी तापलेल्या जमिनीवरनं उठतो आणि झाकण लागेपर्यंत चढत राहतो, 15 किलोमीटरच्या वर सहज जातो. लांबनं बघितलंत तर त्याचा माथा सपाट पसरलेला दिसतो, तिथं तो स्थितांबराच्या बुडाला टेकलाय असं समजा. त्या दिवसात आपल्याकडं साधारण 5 किलोमीटरच्या आसपास शून्य अंश असतो, त्याच्या वर पाणी गोठायच्या खाली जाऊनही पाणीच राहतं आणि बर्फाच्या कणाला लागलं की थर चढवतं. वर चढणारी हवा जोरात असेल तोवर गार वरच झेलली जाते, मोठी होते, पेलवेना झाली की पडते. एवढ्या ताकदीच्या ढगाला जमिनीवरनं काढलेला आवाज काय करणार? जागतिक हवामान संघटनेनंही सांगितलंय की या तोफांना शास्त्राचा आधार नाही. पैसे घालायचेच तर जाळीवर घाला.

माणदेशी
मला एक विचारायचंय आणि मनापासून विचारतोय. आमच्याकडं म्हातारी माणसं छातीठोक सांगतात की पठारावर पवनचक्क्या आल्या आणि आमचे ढग पळाले. पश्चिमेकडनं ढग येतात, पंखे त्यांना कापतात. दुष्काळात यावरनं किती भांडणं झालीत. खरं काय?

चाळकेवाडीकर
मी पठारावरच कामाला आहे, मी सांगतो. पात्याचं टोक धरून मशीनची उंची जुनी असली तर शंभर मीटरच्या आतबाहेर, नवीन जरा जास्त. मान्सूनची ओली हवा जमिनीपासनं काही किलोमीटर जाड असते. जूनजुलैत आम्ही ढगातच असतो, खालनं वर बघितलं तर मशीन दिसत नाही, आणि पंख्याच्या अलीकडं पलीकडं दोन्हीकडं सारखाच पाऊस आणि धुकं. ढग कापला जाताना आम्हाला तरी कधी दिसला नाही. आमचं उत्पादन याच महिन्यात सगळ्यात जास्त, कारण वारं याच महिन्यात.

मास्तर_सातारा
बरोबर. आणि यातली भारी गोष्ट अशी की मान्सूनचं जोराचं वारं अरबी समुद्रावरनं येतं त्याचा गाभा साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि आपल्या घाटमाथ्याची उंची त्याच्या जवळपास आहे. म्हणून वनकुसवडे, चाळकेवाडीला पवनचक्क्या. तीच हवा घाटाला थडकून वर चढते, गार होते, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस टाकते. घाट ओलांडला की ती खाली उतरते, आणि उतरणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ 10 अंशानं तापते, ढग विरून जातात. माण, खटाव, आटपाडी, जतला कसाबसा पाचेकशे मिलिमीटर. माणदेश दुष्काळी पवनचक्कीच्या कितीतरी शतकं आधीपासनं आहे, चारा छावण्या आणि दुष्काळी कामं आपल्या आजोबा-पणजोबांनी बघितलीत. वडीलधाऱ्यांना दोष देऊ नका, त्यांनी पंखे आलेले बघितले आणि त्याच सुमाराला पाऊस हुकलेला बघितला, दोन्हींची सांगड घातली. पण भांडायचं असेल तर पाण्याच्या वाटपावर भांडा.

महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा 2012 पासनं आहे. पावसाळ्यात ढग तिथं अंगणात येतो, विमान लागत नाही. शाळांनी सहल नेताना नुसता स्ट्रॉबेरी-मका न करता पोरांना हे तरी सांगावं.

माणदेशी
वारा उतरताना तापतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. गावात वाचून दाखवतो.

कृष्णाकाठ
हल्ली उन्हाळा एवढा कडक व्हायला लागलाय तो ओझोनला भोक पडल्यामुळंच ना?

मास्तर_सातारा
हे दोन वेगळे विषय आहेत आणि फार लोक एकत्र करतात, म्हणून नीट सांगतो. ओझोनचं छिद्र अंटार्क्टिकावर, 1985 ला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं, कारण फ्रीज आणि स्प्रेमधले क्लोरीनवाले वायू. 1987 ला माँट्रियल करार झाला, भारत 1992 ला त्यात आला, ते वायू बंद होत गेले आणि थर भरून येतोय. अंटार्क्टिकावर पूर्ववत व्हायला 2066 च्या सुमारास जाईल असा अंदाज आहे. सगळ्या जगानं मिळून एखादी गोष्ट दुरुस्त करायला घेतली आणि ती दुरुस्त होतेय, हे मला फार मोठं वाटतं.

उन्हाळ्याचं कारण दुसरं, कोळसा-डिझेल जाळून वाढलेला कार्बन डायऑक्साइड. आणि याचा पुरावा थरांतच आहे. सूर्य जास्त तापला असता तर तपांबर आणि स्थितांबर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात मोजमापात काय दिसतं, खालचा थर तापतोय आणि वरचा गार होतोय. कार्बन डायऑक्साइड खाली ऊब अडवतो आणि वर विरळ हवेत तोच वायू उष्णता अवकाशात फेकतो. सूर्य जास्त तापून हे चित्र जमत नाही.

आकाशवाणीप्रेमी_सांगली
रेडिओवाल्यांचा थर राहिला. आमच्या लहानपणी रात्री जेवणं झाली की मीडियम वेव्हवर काटा फिरवला की कुठली कुठली लांबची स्टेशनं लागायची, दिवसा मात्र आपलं सांगली केंद्र आणि एखादं दुसरं. 60 ते 90 किलोमीटरच्या पट्ट्यात उन्हामुळं हवेतले कण विद्युतभारित होतात, तो पट्टा दिवसा मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो पट्टा जवळजवळ नाहीसा होतो आणि लहरी त्याहून वरच्या पट्ट्यापर्यंत जाऊन परत खाली वळतात, शेकडो किलोमीटर लांब पडतात. या वरच्या पट्ट्यांवर काम केलेल्या एडवर्ड ॲपलटनला 1947 चं नोबेल मिळालं. रात्री काटा फिरवून लांबचं स्टेशन ऐकणाऱ्या प्रत्येकानं त्या थराचा उपयोग केलाय.

नववीची_आई_कराड
मुलाचा प्रश्न आहे, तो इथं बसून वाचतोय. उष्मांबरात हजार डिग्री तापमान असतं म्हणतात आणि अवकाश स्थानक 400 किलोमीटरवर त्याच थरात फिरतं, मग ते वितळत का नाही? आणि उल्का कुठं जळतात?

मास्तर_सातारा
बाळ, तापमान म्हणजे कण किती जोरात पळतायत ते. तिथं एकेक कण भयंकर वेगात आहे पण कण इतके थोडे की अंगाला लागून ऊब द्यायला पुरत नाहीत. स्थानकाला खरं तापवतं ते थेट ऊन. उल्का त्याच्या खूप खाली, बहुतेक 80 ते 120 किलोमीटरच्या मधे पेटतात, हवा तिथं त्यांना अडवण्याएवढी दाट होते म्हणून. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, कराडच्या दिव्यांपासनं जरा लांब रानात जाऊन आईबरोबर बघ.

आणि उष्मांबर रिकामं आहे असं समजू नकोस. तिथली विरळ हवासुद्धा स्थानकाला मागं ओढते, म्हणून ते हळूहळू खाली येतं आणि इंजिन लावून परत वर ढकलावं लागतं. सूर्यावर वादळ झालं की हा थर तापून फुगतो आणि ओढ वाढते. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे 49 उपग्रह सोडले होते, ते अजून खालच्या कक्षेत होते तेवढ्यात असं वादळ आलं आणि त्यातले 38 वर चढूच शकले नाहीत, खाली येऊन जळाले. तुझ्या गावात ट्रॅक्टरवाले, ड्रोनवाले जीपीएस वापरतात त्याचा सिग्नलही 20 हजार किलोमीटरवरनं येताना याच पट्ट्यातनं येतो आणि वादळाच्या दिवशी त्याचं मोजमाप चुकतं. पुढचा प्रश्न असेल तर लिही, उद्या सकाळी बघतो.